पोर्ट कापण्याआधी भिंत मोज

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी पोर्ट, म्हणजे इंजिनच्या सिलिंडर हेडमधल्या हवेच्या आणि धुराच्या वाटा, कापायला पहिलं हेड मशीनवर लावणार आहेस, कटरच्या वाटेचं सिम्युलेशनही स्वच्छ आलंय म्हणतेस. पण सिम्युलेशनला तुझं कास्टिंग ठाऊक नसतं. गॅस्केट फेस (हेड ब्लॉकवर बसतं तो सपाट भाग) आणि डॉवेल होल (जागा पक्की करणाऱ्या पिनांची भोकं) मशीनवर झालेले, म्हणून ते जागच्या जागी. पोर्ट मात्र ओतकामात साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने, कोअरने, घडलेला. कोअर मिलिमीटरभर सरकला असेल, तर तुझा कटर एका बाजूला हवेत फिरेल आणि दुसऱ्या बाजूला वॉटर जॅकेटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीची, भिंत खाईल.

म्हणून आठही पोर्ट मशीनच्या स्पर्श-प्रोबने वेगवेगळे मोज, प्रत्येकात तीन खोलींवर चार-चार बिंदू. एक मोजून बाकीचे गृहीत धरायचे नाहीत. मग अल्ट्रासॉनिक गेजने भिंती माप. गेज आधी त्याच मिश्रधातूच्या, जाडी माहीत असलेल्या तुकड्यावर लावून घे, नाहीतर आकडा खोटा येतो. कापून झाल्यावर अडीच-तीन मिमी भिंत उरत नसेल, तर तिथे पोर्ट लहान राहू दे. जुन्या हेडचा गॅस्केट फेस आधी घासलेला असू शकतो. शून्य तिथून घेतलंस तर जेवढं घासलंय तेवढा अख्खा पोर्ट कॅमच्या बाजूला सरकतो. त्यापेक्षा गाइडचं बोअर (व्हॉल्व्हची दांडी जिथून सरकते ते भोक) आणि कॅमच्या बाजूचा फेस धर.

कटरबद्दल. १२ मिमी गोळा आणि ८ मिमी मान असलेला लॉलीपॉप (बारीक मानेवर गोल डोक्याचा कटर) घेतलास तर मानेच्या बाहेर दोन्हीकडे दोन-दोन मिमीच मिळतात. वळणात गोळ्याआधी मानच घासते, म्हणून सिम्युलेशनमध्ये मान आणि होल्डर दोन्ही टाकलेत ना, ते पाहा. ओव्हरहँग, म्हणजे होल्डरबाहेर निघालेली कटरची लांबी, ६० मिमीची ९० केलीस तर त्याच जोराला कटर सव्वातीन पटींहून जास्त वाकतो, कारण वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. चॅटर, म्हणजे कटरची थरथर, आला की लोक फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी करतात. आधी ओव्हरहँग कमी कर, मग आरपीएम बदलून पाहा. १०,००० आरपीएमला १२ मिमी कटरच्या धारेचा वेग मिनिटाला ३७७ मीटर होतो, अ‍ॅल्युमिनियमला तो चालतो. दोन धारा, दर धारेला ०.०८ मिमी, म्हणजे फीड मिनिटाला १,६०० मिमी. स्टीलसाठीचा काळा-जांभळा कोटिंगवाला कटर वापरू नकोस, त्यावर अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतो त्या सीट बसवलेल्या असतील तर पास त्यांच्या अलीकडेच थांबव. सीटचं काम गाइडवर सेंटर करणाऱ्या सीट मशीनचं.

स्टेपओव्हर, म्हणजे कटरच्या शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, १ मिमी ठेवलास तर रेषांची उंची साधारण ०.०२ मिमी येते. २ मिमी केलास तर चौपट, ०.०८. इनलेटला, म्हणजे हवा आत येणाऱ्या पोर्टला, बारीक रेषा राहिल्या तरी बिघडत नाही. आरशासारखं चकचकीत करायची हौस गिऱ्हाइकाची असते, हवेची नाही. धूर बाहेर जाणारा एक्झॉस्ट मात्र गुळगुळीत कर, कार्बन कमी धरतो.

खरी फसगत होते ती सांध्यात. मॅनिफोल्डकडून (पोर्टचं बाहेरचं तोंड) आणि बाऊलकडून (व्हॉल्व्हमागची पोकळी) येणारे पास कुठे मिळतात ते तू ठरवायचं, सॉफ्टवेअरने नाही. सांधा सरळ भागात घे, तीन-एक मिमी ओव्हरलॅप ठेव. स्पिंडल वीस मिनिटं फिरवून गरम कर आणि दोन्ही बाजूंना वेगळे कटर असतील तर दोन्हींचा व्यास पुन्हा मोज. शॉर्ट टर्नवर, म्हणजे पोर्टच्या वळणाच्या आतल्या बाजूला, पायरी राहिली, की हवा तिथे भिंत सोडते आणि व्हॉल्व्ह जास्त उघडला (जास्त लिफ्ट) की फ्लो अडकतो. तिथली जमीन खाली घेऊ नकोस, वळण आणखी तीव्र होतं. धातू काढायचाच तर छताकडून काढ.

३८ मिमीच्या इनलेट व्हॉल्व्हला थ्रोट, म्हणजे सीटच्या मागचा अरुंद गळा, ३३ मिमीच्या आसपास पुरे. मोठा पोर्ट म्हणजे जास्त ताकद, असं कुणी सांगितलं तर पोर्टमधून जाणारी हवा मोजणाऱ्या फ्लो बेंचवर २८ इंच पाण्याच्या दाबाला आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेव. तिथे फ्लो वाढलेला दिसूनही आतला वेग पडलेला असू शकतो, मग इंजिनच्या कमी आरपीएमला गाडी मरगळते.

पहिलं हेड उतरलं की पाण्याच्या वाटा बंद करून दोन बार हवा भर आणि कोमट पाण्यात बुडव. बुडबुडा आला तर दुसरं हेड लावू नकोस, भिंतींचे आकडे मला पाठव.

तुझे,
बाबा