आठवड्यातून दोनदा पाणी, पण थंडीतही?

स. न. वि. वि.

थंडी वाढली की आपल्या पानावर निफाडचा पारा आणि द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा फोटो हमखास येतो. यायलाच हवा. पण हीच थंडी फ्लॅटच्या हॉलमधल्या कुंड्यांनाही बाधते, हे मला यंदा ४५० रुपये घालवून कळलं.

नोव्हेंबरात एका नर्सरीतून लाल-हिरव्या पानांचं एग्लोनिमा आणलं. कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर एवढंच: 'सावलीत ठेवा, आठवड्यातून दोनदा पाणी'. उत्तरेच्या खिडकीत ठेवलं. डिसेंबरअखेर पानांवर तेल सांडल्यासारखे काळपट डाग पडले, पानांनी माना टाकल्या. तहानलं असेल म्हणून मी सकाळी सातलाच गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणखी घालू लागले. ते पाणी इतकं गार, की चूळ भरताना दात ठणकतात. दहा दिवसांत खोड बुडाशी लिबलिबीत झालं, कुंडीला कुबट वास सुटला.

माझे दीर निफाडकडचे, द्राक्षवाले. आले, मातीत बोट घातलं आणि म्हणाले, "वहिनी, आम्ही थंडीत बागेला पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडतो, आणि तुम्ही याला बर्फ पाजताय?" मग भिंतीवरचा जुना थर्मामीटर काढून घरभर फिरवला. पहाटे खिडकीच्या कट्ट्यावर ११ अंश, त्याच हॉलमध्ये फ्रिजशेजारच्या फळीवर १७!

एग्लोनिमा मूळचं आग्नेय आशियातल्या दमट जंगलातलं. १५ अंशांच्या खाली त्याची वाढ खुंटते, पारा आणखी उतरला की पानं दुखावतात. गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत. माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून मात्र झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून आपण पुन्हा तांब्या उचलतो. शेजारच्या स्नेक प्लांटला काही झालं नाही, कारण त्याला पाणी घालायचं मी विसरले होते.

रात्री चार-पाच अंश उतरले तर झाडांना चालतं, मानवतंही. एकदम बसलेला झटका सोसत नाही. उन्हाळ्यात एसीच्या झोतात ठेवलेल्या अरेका पामची टोकं करपतात, तिथेही तो कोरडा गार वाराच नडतो.

नर्सरीवाल्यांनी चिठ्ठीवर 'किती अंशांपर्यंत सोसेल' हे लिहायला काय हरकत आहे? आणि थंडीच्या लाटेत कांदा-द्राक्षासाठी सल्ला छापताना आपणही कुंड्यांसाठी दोन ओळी द्याव्यात: रात्री खिडकीपासून आत घ्या, वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच पाणी घाला, तेही दुपारी, घरात ठेवलेलं.

एग्लोनिमाचा एक शेंडा धड होता. तो कापून काचेच्या ग्लासात, फ्रिजशेजारच्या फळीवर ठेवलाय. परवा त्याला पांढरं मूळ दिसलं, तांदळाएवढं.

आपली एक वाचक,
नाशिक रोड