दारातल्या भुतांबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर दारातलं भूत दाखवलं आणि आई, तू एकदम गप्प झालीस. मग "जेवलात का?" म्हणून फोन बाबांकडे दिलास. तुझं ते "जेवलात का" मी चांगलं ओळखते. सर्वपित्री होऊन तीन आठवडे नाहीत, दिवाळी तोंडावर, आणि लेकीच्या दारात भुतं! फोनवर सांगायला गेले तर नातू मध्येच ओरडतो, म्हणून लिहायला बसले.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरतात. ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू, तिथेच बेल वाजवायची, मूठभर चॉकलेटं घ्यायची, पुढे जायचं. हे मूळचं आयर्लंडकडचं. सुगी संपली की त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात, असा तिथला जुना समज. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथली माणसं अमेरिकेत आली तेव्हा त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. म्हणजे पितरंच म्हण की, फक्त वाडी न दाखवता चॉकलेटं वाटायची.

नातवाला हवा होता बारा फुटी सांगाडा. ३०० डॉलर. बाबा, तुमचा गुणाकार झाला असेल एव्हाना, पंचवीस हजार रुपये. शिवाय उरलेले अकरा महिने तो झोपवायचा कुठे? म्हटलं, घरात काय पडलंय ते आधी काढा. आणि काय काय निघालं! दुधाचे सोळा रिकामे गॅलन (इथे दूध मिळतं ते प्लास्टिकचे कॅन), टोमॅटोचे डबे, अंड्यांचे पुठ्ठे, सामानाची खोकी. माळ्यावरच्या तुमच्या डब्यांना आणि सुतळीच्या गुंड्यांना मी किती हसायचे, ते आठवून गुपचूप सगळं पुसायला घेतलं.

गॅलनची भुतं सर्वांत सोपी. प्लास्टिक आधीच दुधी असतं. त्यावर रंग धरत नाही, पोपडे निघतात, पण काळ्या पक्क्या मार्करने डोळे-तोंड छान येतं. मागून भोक पाडून आत दिव्यांची माळ सोडली की सोळा चेहरे पायवाटेने ओळीत उजळतात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या तीन-तीन वाट्या कापून, कडेच्या दोन पंखांसारख्या कातरून काळ्या केल्या, की वटवाघळं. कोळ्याची जाळी कचऱ्याच्या काळ्या पिशवीची, पताका कातरतो तशी घडी घालून. दुकानातली कापसासारखी जाळी बाहेर लावली तर पाखरं अडकतात, म्हणून ती नकोच.

आणि आई, तुला दिसलं ते भूत तुझ्याच कांजीचं आहे. मागच्या वेळी लोणच्याची बरणी ज्या मलमलच्या फडक्यात बांधून आणलीस, तेच फडकं. बाटलीवर चेंडू ठेवला, तारेचे हात केले आणि घट्ट पेजेत बुडवलेलं फडकं वरून सोडलं. सकाळी बाटली काढून घेतली तर तुझ्या नारायणपेठीसारखं कडक, आपलं आपण उभं! त्याच रात्री पाऊस आला आणि भुताचा लोळागोळा झाला. कांजीची साडी घालून पावसात जाऊ नये, हे तू मला विसाव्या वर्षी सांगितलं होतंस. आता पांढऱ्या डिंकात तेवढंच पाणी घालून पुन्हा केलंय आणि छपराखाली उभं केलंय.

बाबा, तुमच्यासाठी डब्यांचं राखून ठेवलंय. तुळशीला पाणी घालायला तुम्ही खिळ्याने भोकं पाडून झारी केली होतीत, आणि डबा चेपून वाकडा झाला होता, आठवतं? त्यावर इलाज आहे. डब्यात पाणी भरायचं, काठोकाठ नाही, आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. आत बर्फ असला की हातोडी मारली तरी पत्रा चेपत नाही, फक्त भोक पडतं. बूड थोडं फुगतं, तेवढं ठोकून बसवायचं. हे मला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर तुमच्या त्या शिव्या माझ्या कानावर पडल्या नसत्या.

यंदा ३१ तारखेलाच नरकचतुर्दशी. पहाटे उटणं, संध्याकाळी भुतं, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. आई, तुझी काळजी तीच ना, की लक्ष्मी येणार कशी? तर त्याच रात्री भुतं गॅरेजात जाणार. डबे मात्र तिथेच राहणार, नुसते फिरवायचे. एका बाजूला दातांचा चेहरा पाडलाय, दुसऱ्या बाजूला कमळ. स्वस्तिक काढणार होते, पण इथे लोक त्याचा भलताच अर्थ काढतात. चेहऱ्यामागे बॅटरीचा दिवा असेल, कमळामागे मात्र तेलाची पणती.

आठ डबे झालेत, चार राहिलेत. बाबा, कमळाच्या पाकळ्या सारख्या येत नाहीयेत. तुम्ही कंदिलावर आधी कागदाचा साचा चिकटवायचात, तो कसा आखायचा, तेवढं रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
मनू