साबण कपाटातून नळापाशी यावा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या कुठल्याही गर्दीच्या खानावळीत दुपारी एकच्या सुमारास हात धुण्याच्या बेसिनपाशी घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जेवायला बसण्यापूर्वी बहुतेक मंडळी तिकडे फिरकतच नाहीत. जी फिरकतात ती बोटांची टोके नळाखाली धरून, हात झटकून परततात. जेवण उरकल्यावर मात्र त्याच बेसिनपुढे रांग लागते, साबणाची बाटली दोन-दोनदा दाबली जाते आणि हात नाकाशी नेऊन तांबड्या रश्श्याचा वास गेला की नाही याची खात्रीही करून घेतली जाते. म्हणजे साबण आपल्याकडे आहे आणि तो वापरण्याचा आळसही नाही. फक्त आपण तो तवंग आणि वास घालवण्यासाठी वापरतो. जे दिसत नाही त्यासाठी नाही.

ही गोष्ट एकट्या कोल्हापूरची नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत, २०१८ साली, देशातील सुमारे ३६ टक्के कुटुंबांत जेवणापूर्वी साबणाने हात धुतले जातात असे आढळले. शौचानंतरचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. हे आकडे लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेले आहेत. कुणी नळापाशी उभे राहून मोजले असते तर ते खाली आले असते, असे मला वाटते. भाकरी अंगठ्याने आणि बोटांच्या टोकांनी मोडून, रश्श्यात कुस्करून खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब जास्तच लागू पडतो, कारण घाईने हात धुताना तळव्याला तळवा घासला जातो आणि नेमके अंगठे, बोटांची टोके आणि नखांच्या कडा तशाच राहतात.

हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण असे की, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते, आणि हा प्रश्न आता प्रबोधनापेक्षा तरतुदीचा अधिक आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

जंतूंविषयी आपल्याकडे दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एक म्हणजे, "आम्ही मातीत वाढलेली माणसं, आम्हाला काय होतंय?" दुसरे जाहिरातीतले, ज्यात शंभरातले जवळजवळ शंभर जंतू मारणारा साबण घरात नसेल तर आईचे काही खरे नसते. दोन्ही बोलणी मूळ मुद्दा चुकवतात. आपल्या त्वचेवर कायम वस्तीला असणारे बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात, आणि त्यांना मारण्याची गरजही नसते. शौचातून, कच्च्या मांसातून, दुसऱ्याच्या शिंकेतून हातावर येणारे जंतू मात्र वरवर बसलेले असतात. साबण त्यांना तेलकट थरासकट सुटे करतो आणि पाणी वाहून नेते. त्याला औषधी साबण लागत नाही, गरम पाणीही लागत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटक हात धुण्याच्या घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. दहा रुपयांची वडी पुरते, हे सरकारने मोठ्याने सांगायला हवे, कारण ते सांगण्यात कोणत्याही कंपनीला रस नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे. घाण म्हटले की आपल्याला दुसऱ्याचा हात आठवतो. ज्या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, तिथे हात कुणाचा आहे हे पाहून तो स्वच्छ की अस्वच्छ ठरवण्याची खोड अजून पुरती मोडलेली नाही. घरकाम करणाऱ्या बाईंसाठी वेगळा कप ठेवणारे घर स्वतः भाजी चिरायला बसण्यापूर्वी हात धुतेच असे नाही. आपला हात स्वच्छच असतो ही समजूत शिकल्यासवरल्यांनाही सोडत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतीकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले. बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, तरीही आपल्याच हातांनी रोग नेला हे मान्य करणे अनेक वैद्यांना जमले नाही.

करोनाच्या काळात भीतीने हात धुतले गेले. दुकानांच्या दारात पायाने दाबायचे स्टँड आले, बाटल्या आल्या. साथ ओसरली तशा त्या बाटल्या आधी रिकाम्या झाल्या आणि मग स्टँडही अडगळीत गेले. भाजीवाल्याने फुंकर मारून पिशवी उघडणे आणि नोटा मोजताना बोट जिभेला लावणे पुन्हा सुरू झाले. भीतीवर उभी राहिलेली सवय भीतीबरोबरच जाते, म्हणून पुन्हा घाबरवणाऱ्या फलकांवर पैसा खर्च करू नये, ही माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती शाळांविषयी आहे आणि ती मी अनुभवाने करते, कारण माझी सारी नोकरी प्राथमिक शाळांत गेली. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. असे पुष्कळ ठिकाणी घडते. नळांची ओळ असते, पोषण आहाराच्या सुट्टीची घंटा होते, मुले ताटल्या घेऊन नळावर येतात, आधी ताटली विसळतात आणि त्याच पाण्यात हात बुडवतात. साबण शाळेत असतो, पण मुख्याध्यापकांच्या कपाटात. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिनी तो बाहेर येतो, मुले हात धुण्याच्या पायऱ्या बिनचूक करून दाखवतात, फोटो वर पाठवले जातात आणि वडी पुन्हा कुलपात जाते. यात मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे. नळावर ठेवलेली वडी चिखलात पडते, दोन दिवसांत विरघळते, कधी कुणाच्या दप्तरातून घरी जाते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणाऱ्या शाळा अनुदानातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी वापरायची असते खरी, पण कमी पटाच्या शाळेला मुळात अनुदान थोडे, त्यात झाडू, फिनेल आणि शौचालयाचे तुटलेले दार यांच्यामागे साबणाचा नंबर लागतो. मग सर स्वतःच्या खिशातून किती दिवस घालणार?

उपाय स्वस्त आहेत. वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधता येते. दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरली की अनेक मुलांचे हात निघतात, आणि ती बाटली कुणी घरी नेत नाही. बांगलादेशातील दोन प्राथमिक शाळांत शौचालयापासून नळापर्यंत फरसबंदी वाट करून त्यावर पावलांच्या आणि नळापाशी पंजांच्या खुणा रंगवल्या गेल्या. कोणतेही व्याख्यान दिले नाही. शौचानंतर साबणाने हात धुणाऱ्या मुलांचे प्रमाण आधी ४ टक्के होते, दुसऱ्या दिवशी ६८ टक्के झाले आणि सहा आठवड्यांनीही ७४ टक्के होते. रंगाचा एक डबा आमच्याकडेही मिळतो.

नळाला पाणी हवे, हे तर उघडच. २०१२ साली इचलकरंजीत आलेल्या काविळीच्या साथीने दूषित पाणी काय करते ते जिल्ह्याला दाखवले, आणि ते दुखणे हात धुवून टळणारे नव्हते. पण काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचे पाणी शहरात आले म्हणून हातांचे काम संपत नाही. शुद्ध पाण्याचा तांब्या न धुतलेल्या बोटांनी बुचकळून भरला की पाणी पुन्हा तेच. साबणाने हात धुण्याची सवय लावण्याच्या उपक्रमांनी अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले आहे. इतक्या कमी खर्चात इतका परिणाम देणारी दुसरी योजना आपल्या विषयपत्रिकेवर क्वचितच येत असेल.

म्हणून जिल्हा वार्षिक योजनेत शाळा आणि अंगणवाड्यांच्या साबणासाठी स्वतंत्र, दुसरीकडे वळवता न येणारी तरतूद करावी. रक्कम पटावर न ठरवता नळांच्या संख्येवर ठरवावी, म्हणजे छोट्या वाडीवरच्या शाळेवर अन्याय होणार नाही. अंगणवाडीतील नळ तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल इतका खाली असावा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत आणि अंबाबाईच्या नवरात्रात जिथे महाप्रसादाच्या पंगतींना परवानगी दिली जाते, तिथे पंगतीच्या सुरुवातीच्या टोकाला साबणासह नळ असणे ही परवानगीची अट करावी. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटातली वडी न पाहता नळावरची, अर्धी झिजलेली वडी पाहावी आणि तशी नोंद तपासणीच्या नमुन्यात असावी.

शाळा जूनच्या मध्यात उघडतात. त्याआधी होणाऱ्या नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय घेतला जावा आणि जो निर्णय होईल तो तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत लेखी पोहोचावा, ही विनंती.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर