'वेदनाशामकाची एक पट्टी' म्हणजे कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतली 'वारीला निघताना' ही चौकट वाचली. इरलं, टॉर्च, सुईदोरा सगळं आठवणीनं दिलंत, आभार. पण 'वेदनाशामकाची एक पट्टी' लिहून मोकळे झालात. कोणती पट्टी, हे कोण सांगणार? विठ्ठल?

बीपीच्या काही गोळ्यांत लघवीचं औषध मिसळलेलं असतं, हे घेणाऱ्यालाच बहुधा ठाऊक नसतं. पट्टीमागे बारीक अक्षरात टेल्मिसार्टन 40, हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 असं असतं. त्यातलं दुसरं ते लघवीचं. त्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक घेतलं की मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आवळते. रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टननं आधीच सैल केलेली. अंगातलं पाणी गोळीनं आणि लोणंद-तरडगावच्या चालीत घामानं गेलेलं. मग गाळणीला दाब उरतो कुठे? शिवाय ही वेदनाशामकं मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, त्यामुळे गोळी चालू असूनही बीपी चढतं. पायाची सूज 'चालून आली' आणि लघवी कमी झाली ती 'घामावाटे गेली', असं म्हणून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या दोन्ही खुणा वाटेतच सोडून दिल्या जातात.

अशांनी साधी पॅरासिटामॉल 500 ठेवावी. एका वेळी एक, फार तर दोन. मध्ये सहा तास. वयस्कर माणसाला दिवसात सहाच्या वर नको. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचा जेल चोळला तर रक्तात फार थोडं उतरतं. 'पॅरासिटामॉलच आहे की' म्हणून अ‍ॅसिक्लोफिनॅक 100 आणि पॅरासिटामॉल 325 ची जोडगोळी मात्र घेऊ नये. जुलाब-उलट्या लागल्या तर वेदनाशामक तिथंच बंद, आणि लघवीच्या गोळीचं काय करायचं ते पालखीसोबतच्या वैद्यकीय पथकाला त्याच दिवशी विचारावं. बीपीची गोळी मनानं सोडू नये. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन 75 सुद्धा मनानं सोडू नये.

इतकं चौकटीत मावलं नसतं, कबूल. शेजारच्या 'सांधेदुखी मुळापासून' या अर्ध्या पानाच्या जाहिरातीला जागा बरी मिळाली!

जाता जाता आमच्याच धंद्याबद्दल. चार गोळ्या मागितल्या की कात्रीनं पट्टी अशी कापतात, की नाव आणि मुदत दुकानातल्या तुकड्यावर राहते. तसा तुकडा घेऊन वारकरी तंबूत आला, तर पथकातल्या डॉक्टरांनी रंगावरून ओळखायचं का?

— एक फार्मासिस्ट, लोणंद (जि. सातारा)