‘काही लागलं तर सांग’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की कार्यालयांत व्याख्यानं होतात, पोस्टर लागतात. त्याला विरोध नाही. पण शेजारच्या टेबलावर खचत चाललेल्या माणसाला खरा आधार सहकाऱ्यांचाच असतो, आणि तो देण्याची रीत शिकता येते.

मूळचा अबोल माणूस गप्प असला तर त्यात काळजीचं कारण नाही. बघायचा तो बदल. बोलका माणूस जेवणाच्या सुट्टीत जागचा उठेनासा होतो, हिशेबात चोख असणारी साध्या बेरजेत चुकू लागते, मध्यरात्रीनंतरचे मेल येऊ लागतात. हे दोन आठवडे टिकलं तर विचारावं. नैराश्याच्या निदानातही किमान मुदत हीच धरतात. निदान मात्र डॉक्टरांनी करायचं.

विचारायचं एकांतात, मीटिंग संपता संपता सगळ्यांसमोर नव्हे. ‘तू डिप्रेस्ड दिसतेस’ हा शेरा झाला. ‘या आठवड्यात तू एकदाही जेवायला आली नाहीस, झोप होतेय ना?’ असं डोळ्यांना दिसलेलं सांगून विचारावं आणि मग गप्प बसावं. ही शांतता आपल्यालाच सोसत नाही, म्हणून सल्ले सुरू होतात किंवा ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणत बोलणं आपल्याकडे वळतं. पहिलं उत्तर बहुतेकदा ‘काही नाही, ठीक आहे’ हेच येतं. खोदून विचारू नये. तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारावं.

सर्वांत फसवं वाक्य म्हणजे ‘काही लागलं तर सांग’. ज्याला साधा निर्णय घेणं जड जातंय, त्यानेच काय हवं ते ठरवायचं, कोणाला मागायचं तेही ठरवायचं आणि वर उपकाराचं ओझं घ्यायचं! त्यापेक्षा एक नेमकं काम उचलावं: ‘गुरुवारचा अहवाल मी लिहिते, तू फक्त आकडे दे.’ घरातल्या मृत्यूनंतर कोणी कामावर परतणार असेल, तर कोणाला किती सांगायचं ते आधीच त्याला विचारून घ्यावं. साचलेल्या मेलचे तीन भाग करून ठेवावेत: निपटलेले, थांबू शकणारे, त्याच्याशिवाय न होणारे. पहिले दोन आठवडे प्रत्येक कामाला जोडीदार नेमावा. न विचारता सगळंच काम काढून घेतलं, तर आपली गरज उरली नाही असं वाटतं. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, इतरांच्या लेखी विषय संपलेला असताना, पुन्हा चौकशी करावी. तेव्हा कोणीच विचारत नसतं.

ऐकलेलं दुसऱ्याला सांगू नये, वरिष्ठांनाही परवानगीशिवाय नाही. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हा. शंका आली तर ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर गुप्ततेचं वचन देऊ नये, एकटं सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवावं.

वरिष्ठांची जबाबदारी मात्र याहून मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (२०१९ मध्ये मंजूर) ‘बर्नआउट’, म्हणजे कामाने पार थकून उमेद संपणं, आजारांत नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ न हाताळलेला ताण असं त्याचं मूळ तिथे सांगितलं आहे. संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेत बदल आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण यांची शिफारस आहे. म्हणून एकाच टीममधली माणसं एकामागून एक कोलमडत असतील, तर त्यांना समुपदेशकाचा नंबर देऊन थांबू नये. त्या टीमचे कामाचे तास, रिकाम्या राहिलेल्या जागा आणि डेडलाइन कोण ठरवतं, हे आधी तपासावं.

— एक वाचक