क्लस्टर बंद न करता २४ डिस्क बदलायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंतच्या लॅबचे एक्स-रे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट ज्या सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडून डेटा साठवणारी प्रणाली) क्लस्टरवर आहेत, त्याच्या सगळ्या डिस्क ४ टीबीवरून १२ टीबीवर गेल्या आणि एकाही लॅबचं काम थांबलं नाही. तुमचे आभार जाहीरपणे मानतोय, कारण असाच छोटा क्लस्टर बडोद्यात आणखी कोणी चालवत असेल तर तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही उपयोगी पडावं.

तीन सर्व्हर, प्रत्येकात आठ डिस्क, डेटाच्या तीन प्रती, प्रत्येक सर्व्हरवर एक. अशा रचनेत पहिला मोह होतो तो नोआउट (बंद डिस्कचा डेटा आपोआप दुसरीकडे हलू न देणारी खूण) लावून अख्खा सर्व्हर बंद करण्याचा आणि आठही डिस्क एकदम बदलण्याचा. तुम्ही तिथेच अडवलंत. तसं केलं तर तो सर्व्हर पुन्हा भरेपर्यंत सगळा डेटा दोनच प्रतींवर राहतो. तेवढ्यात दुसरीकडची एक डिस्क गेली की काही पीजींची (डेटाच्या गटांची) एकच प्रत उरते, मिन-साइज (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) २ असल्यामुळे त्यांचं वाचन-लेखन थांबतं, आणि ज्यासाठी हा खटाटोप तेच हातचं जातं.

म्हणून एका वेळी एकच डिस्क. आधी ती ‘आउट’ करायची, म्हणजे तिच्यावरचा डेटा हलवायला सांगायचं, पण चालूच ठेवायची. डेटा दुसरीकडे जाताना तिच्यावरूनही वाचला जातो आणि तिन्ही प्रती शाबूत राहतात. तीनच सर्व्हर असल्यामुळे हा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या सात डिस्कवर बसावा लागतो. क्लस्टर ६५ टक्के भरलेला असेल तर त्या सात सरासरी ७४ टक्क्यांवर जातात. दोन डिस्क एकदम काढल्या तर ८७ टक्के, म्हणजे निअरफुलची (डिस्क भरत आल्याच्या इशाऱ्याची) ८५ ची रेघ ओलांडली. ९० ला बॅकफिलच, म्हणजे डिस्कवर डेटा भरणंच, अडतं. शिवाय सरासरीवर विसंबू नका, सर्वात भरलेली डिस्क बघा, हे तुम्ही दर वेळी बजावलंत.

‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ला (डिस्क काढली तर डेटा जाणार नाही ना, हे विचारणाऱ्या कमांडला) होकार आल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही. मग सिरियल नंबर ताडायचा, ट्रेचा दिवा लुकलुकवून खात्री करायची, आणि ‘डिस्ट्रॉय’ करून नवी डिस्क त्याच आयडीवर घ्यायची. जुन्या डिस्कचा एनव्हीएमईवरचा (वेगवान एसएसडीवरचा) डीबीचा, म्हणजे डेटाच्या नोंदवहीचा, लॉजिकल व्हॉल्यूमही (राखीव तुकडाही) पुसायचा, नाहीतर नव्या डीबीला जागा मिळत नाही. (१.६ टीबीची एनव्हीएमई आठांत वाटली की वाट्याला २०० जीबी येतात. व्हर्च्युअल मशीनसाठी डिस्कच्या एक-दोन टक्के डीबी पुरतो, त्यामुळे हे १२ टीबीलाही चालतं.)

आता सगळ्यात मोठा उपकार. आयडी तोच ठेवला की क्रश वेट (कोणत्या डिस्कवर किती डेटा जाईल ते ठरवणारा आकडा) जुनंच राहतं, ३.६४, म्हणजे ४ टीबीच टेबीबाइटमध्ये. डिस्क १२ टीबीची, पण तिच्यावर डेटा येतो ४ टीबीच्या हिशेबाने. बरेच जण हे पाहून लगेच १२ टीबीचं १०.९१ करतात. तसं केलं तर त्या एकट्या डिस्कवर सर्व्हरचा ३० टक्के डेटा लोटतो, सव्वासहा टीबीच्या आसपास, आणि सर्व्हरवरचं तेवढंच वाचन-लेखनही तिच्याच माथी येतं. तुम्ही म्हणालात, राहू द्या ३.६४, चोविसावी बसेपर्यंत. मग नोरिबॅलन्स (डेटाची फेरवाटणी थांबवून ठेवणारी खूण) लावून चोवीसही वेट १०.९१ करा आणि नोरिबॅलन्स काढा. सगळी वेट एकाच प्रमाणात वाढल्यामुळे डेटाची जागा बदलत नाही, वेट मात्र डिस्कच्या खऱ्या आकाराशी जुळतं. नोरिबॅलन्स विसरलात तर पहिल्या-दुसऱ्या कमांडलाच डेटा निष्कारण हलायला लागतो.

बारीकसारीक गोष्टीही कमी नव्हत्या. काही नव्या साटा डिस्क जुन्या बॅकप्लेनवर (सर्व्हरमध्ये डिस्क जोडायच्या पट्टीवर) फिरतच नाहीत, कारण पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या बंद राहतात. डिस्क खराब म्हणून परत पाठवण्याआधी त्या पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी चिकटपट्टी) लावून बघावी. एसएमआर डिस्क (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी, म्हणून लेखनात मंद) कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, बॅकफिलमध्ये ती गुडघे टेकते. आणि सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक (कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी व्यवस्था) असल्यामुळे मॅक्स-बॅकफिल्सचा (एकावेळच्या बॅकफिलच्या मर्यादेचा) आकडा बदलून काही होत नाही, ओव्हरराइड चालू करावा लागतो. त्यापेक्षा लॅब उघड्या असताना हाय-क्लायंट-ऑप्स (लॅबच्या कामाला प्राधान्य) आणि रात्री हाय-रिकव्हरी-ऑप्स (डेटा हलवण्याला प्राधान्य) हा तुमचा सल्ला सोपा आणि पुरेसा.

डीप स्क्रब (सगळ्या प्रती वाचून ताडण्याची तपासणी) वेळेत झालं नाही ही पिवळी सूचना अधूनमधून येणारच, रिकव्हरी चालू असताना नवं स्क्रब सुरू होत नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत म्हणून कोणी घाबरलं नाही. सगळ्या पीजींचं डीप स्क्रब एकदा पूर्ण होईपर्यंत जुन्या २४ डिस्क लेबल लावून कपाटात ठेवल्या आहेत. त्यानंतर पुसून तुमच्या प्रयोगांसाठी लागतील तेवढ्या घेऊन जा, पहिला हक्क तुमचा.

आपले आभारी,
क्लस्टर सांभाळणारे आम्ही सगळे, बडोदे