पटावरचे दाणे : शेवटचे अंकही तपासा

संपादक महोदय,

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे दुप्पट करत गेल्यास एकूण किती होतात, हे कोडे मुलांच्या पुरवण्यांत वरचेवर येते. उत्तर मात्र पुष्कळदा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९६,००,००० असे छापतात. खरे उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आहे. म्हणजे ४८,३८५ दाणे फुकटचे वाढले!

संगणकावरचा एक्सेलसारखा तक्ता संख्येचे पहिले १५ अंकच दाखवतो, त्यांतला शेवटचा जवळच्या अंकावर नेतो (म्हणून ९५ चे ९६), आणि पुढे शून्ये भरतो. ही संख्या २० अंकी. खरे तर शेवटची शून्ये पाहूनच शंका यायला हवी, कारण एकूण दाणे म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १, आणि ती संख्या विषमच असणार. काहीजण तो एक वजा करायचाच विसरतात आणि शेवटी ६१६ छापतात. दोन्ही चुका अंकांच्या बेरजेने सापडतात. खऱ्या संख्येतील अंकांची बेरीज ८७, म्हणून तिला ३ ने भाग जातो. चुकीच्या संख्यांत ती ७० आणि ८८ येते.

३ ने भाग का जावा? वर्गांच्या वजाबाकीचे शालेय सूत्र लावा. २ चा ६४ वा घात वजा १ म्हणजे (३२ वा घात + १) गुणिले (३२ वा घात − १). दुसरा कंस पुन्हा तसाच फोडत गेल्यावर हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीही मूळच असावी असे फर्मा या गणितज्ञाला वाटले होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले, भागाकार ६७,००,४१७. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो, हे कळल्यावर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, असा पाचव्याच प्रयत्नात निकाल लागतो. ६७,००,४१७ स्वतः मूळ आहे. एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक १२८.

अचूक उत्तर हाताने काढायचे तर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, याचे ४२९४९ आणि ६७२९६ असे दोन तुकडे करून वर्ग करावा. ४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८, ६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६. पहिल्यापुढे दहा शून्ये, दुसऱ्यापुढे पाच, आणि तिन्हींची बेरीज. ही बेरीज मात्र कागदावरच करावी. तक्त्यात केली की शेवटचे अंक पुन्हा जातात. मग एक वजा. तयार उत्तर तक्त्यात ठेवायचेच असेल, तर तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून घ्यावा. रकाना नंतर बदलला, तर गेलेले अंक परत येत नाहीत.

— एक वाचक